रंगरावांचा धांड्याचा छकडा

शालिग्रामला आपल्या पोटच्या पोरांचा हेवा वाटायचा. ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे, म्हणून तो सांगत नसे; नुसता जळायचा.

जानेफळला त्याचा मळा होता. वांगी, मिरची, कांदे. डोणगावच्या बाजारात त्याच्या वांग्यांसाठी गिऱ्हाईक थांबून राहायचं. मराठी माणसांचं नवं राज्य होऊन चार वर्षं झाली होती, विहिरीला पाणी होतं, बायको बनाबाई कामाला वाघीण होती. तसं पाहिलं तर कशाची ददात नव्हती. पण मळ्यातून घरी आला, की ओट्यावर त्याचा बाप रंगराव मांडी घालून बसलेला दिसायचा. मांडीवर चार वर्षांची शारदा, खांद्याला रेललेला आठ वर्षांचा कडूबा, आणि समोर ज्वारीच्या धांड्यांचा पसारा. ते पाहिलं की शालिग्रामच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हाताऱ्याच्या हातात जादू होती, हे शत्रूनंही कबूल करावं. कडब्याच्या गंजीतून सरळ, जाड धांडा निवडायचा, विळ्यानं पेरं कापायची, साल सोलून पट्ट्या वेगळ्या आणि आतला पांढरा गर वेगळा ठेवायचा. गराचे तुकडे सालीच्या काड्यांनी जोडले की बैल उभा राहायचा, शिंगांसकट. सालीची पट्टी वाकवून चाक, बाभळीचा काटा खिळ्याच्या जागी. पैशाचाही खर्च नाही. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पळतो तसा छकडा तासाभरात तयार, आणि मग अंगणात दोऱ्यानं ओढत दोन्ही पोरांचा पट रंगायचा.

हाच रंगराव एके काळी असा होता, की तो दारातून आत आला की घरातलं मांजरसुद्धा उठून जायचं. शालिग्राम सात वर्षांचा असताना त्यानं एकट्यानं धांड्याची गाडी करायला घेतली होती. बापानं ती हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "कडबा बैलायसाठी हाये, खेळासाठी नाही." आता तोच बाप नातवंडांपायी रोज पेंढीभर कडब्याची नासाडी करत होता. दुधापेक्षा दुधावरच्या सायीला जपतात म्हणे. जपा बापडे, पण दुधाला कुणी विचारायचं की नाही?

आणि हेवा एकेरी असता तरी चाललं असतं. वडीलधाऱ्यांसमोर आपल्या लेकराला उचलून घ्यायचं नाही, लाड करायचे नाहीत, अशी घराघरातली रीत. तसं करणारा निलाजरा ठरायचा. त्यामुळं बाप ओट्यावर बसला की शालिग्रामनं खाली मान घालून आत जायचं. शारदाला त्यानं अजून एकदाही धडपणे मांडीवर घेतलं नव्हतं. त्याच्या बहिणी त्याला भाऊ म्हणत, म्हणून पोरंही भाऊच म्हणत. म्हणजे पोरांना त्याचा बाप मिळाला होता, बापाला त्याची पोरं मिळाली होती, आणि मधल्या मधे शालिग्राम कोरडा.

"लेकरायचाच हेवा करता काय हो?" बनाबाई एकदा हसून म्हणाली. त्यावर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

एका बाजाराच्या दिवशी तो डोणगावहून पोरांसाठी रेवड्या घेऊन आला. "ठेव तिथं, भाऊ," कडूबा मान वर न करता म्हणाला. रंगराव नव्या छकड्याला शेवटचा काटा टोचत होता. छकडा देखणा झाला होता, खोटं कशाला बोला. तो कडूबाच्या हातात देत म्हातारा म्हणाला, "असा छकडा म्या आजलोग कोनासाठीच नाही केला, बे!" आणि मोठ्यानं हसला.

ते वाक्य शालिग्रामच्या काळजात रुतलं. पोरं छकडा ओट्यावर ठेवून पाणी प्यायला आत गेली, म्हातारा हात धुवायला उठला. शालिग्रामनं छकडा उचलला, गोठ्यात गेला आणि सरळ हरण्या बैलाच्या गव्हाणीत टाकला. बापावरचा राग बैलावर. वड्याचं तेल वांग्यावर.

बैलाला काय, कडबा तो कडबा. त्यानं दोन घास चावले आणि एकदम मान झटकली. तोंडातून लाळ गळू लागली, लाळेत रक्त. काट्यांची आठवण शालिग्रामला तेव्हा झाली. तो ओरडला तसा रंगराव धावत आला.

शालिग्रामनं जबडा धरला. रंगरावानं हात आत घालून जीभ बाजूला केली आणि काटा चिमटीत धरून ओढून काढला. इतक्या जवळ ती दोन डोकी उभ्या जन्मात आली नव्हती.

"मुक्या जनावरावर काऊन राग काढून राह्यला?" म्हातारा धापा टाकत म्हणाला.

"तुमी मले एक तरी गाडी करून देली काय?" शालिग्रामचा बांध फुटला. "पोरं माही हायेत, अन् मी पाव्हन्यावानी दारात उभा राह्यतो!"

रंगरावानं धोतराला हात पुसले.

"माहा बाप ओट्यावर बसे," तो म्हणाला. "तू रांगत माह्या पायापाशी येत होता, अन् मी पाय मांगे घेत होतो. त्याच्यासमोर तुले उचलनं म्हंजे लाज सोडनं होतं. तो मेला तवा तू सोळा वर्साचा होता. सोळा वर्साच्या पोराले कोनी मांडीवर घेते काय?"

म्हाताऱ्यानं पागोटं डोक्याला गुंडाळलं, काठी घेतली.

"मी चार दिवस डोनगावले जातो. सत्यभामाच्या घरी." सत्यभामा ही शालिग्रामची थोरली बहीण.

"असं मधातच काऊन?"

"मी घरात असलो, त तू लेकरायले हात लावशील काय?"

एवढं बोलून तो डोणगावकडे निघालेल्या एका गाडीत जाऊन बसला. नातवंडांना सांगूनसुद्धा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी शालिग्राम मळ्यातून लवकर परतला आणि ओट्यावर बसला. आधी इकडंतिकडं पाहिलं, चोरी करायला बसल्यासारखं. धांडा सोलताना सालीनं बोट कापलं. त्यानं केलेल्या बैलाला एक पाय आखूड झाला, तो सारखा पडायचा. कडूबानं हसून हसून पोट धरलं, पण शेजारी बसून सालीच्या काड्या मात्र तोच पुढं करू लागला. शारदा बघत बघत जवळ आली आणि मांडीवर बसली. आपली लेक इतकी जड आहे हे शालिग्रामला ठाऊकच नव्हतं. आनंदानं त्यानं धांडा बाजूला ठेवला आणि तिला दोन्ही हातांनी धरलं. म्हाताऱ्याला चार वर्षं हे रोज मिळत होतं, हेही त्याच वेळी त्याच्या मनात आलं.

शारदानं लंगडा बैल हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, "भाऊ, आबा कवा येतीन?"

"तीन दिवसानं," शालिग्राम म्हणाला, आणि लेकीला आणखी जवळ ओढून घेतलं.