साडूचं बक्षीस

क्रेनवाल्याचं आपल्या साडूशी वैर होतं, पण ते फक्त क्रेनवाल्यालाच ठाऊक होतं. साडूला त्याचा पत्ताच नव्हता, आणि हेच जास्त लागायचं. एकट्याने भांडून माणूस दमतो हो.

दोघी सख्ख्या बहिणी, त्यांचे हे दोन नवरे, आणि नोकरी समुद्रातल्या एकाच तेलाच्या प्लॅटफॉर्मवर. धाकटा क्रेन चालवायचा. थोरला सुरक्षा अधिकारी. कामगार त्याला पाठीमागे हेल्मेटराव म्हणत, तेही प्रेमाने. सुरक्षेचं बक्षीस दरवर्षी त्यालाच. सुट्टीवर घरी गेलं की क्रेनवाल्याची बायको भाजी चिरता चिरता म्हणायची, "भाऊजींचं कामच मोठं. दुसऱ्यांचे जीव सांभाळायचं."

"मग मी काय तिथे झोके घेतो?"

"तसं नाही हो," ती म्हणायची, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा, फक्त एकदाच, तिने आपल्याबद्दल त्या सुरात बोलावं, एवढीच बिचाऱ्याची हाव होती.

क्रेनच्या कामात एक नियम असतो. उचल, सोड, डावीकडे घे, हे इशारे एकाच माणसाने द्यायचे. पण 'थांब' असा हात कोणीही करू शकतो, अगदी स्वयंपाकीसुद्धा, आणि क्रेन थांबलीच पाहिजे. साडू हा नियम मुद्दाम आपल्यावरच चालवतो, असं क्रेनवाल्याचं ठाम मत. परवाच पाईपांची जुडी हवेत असताना साडूने सगळ्यांदेखत हात वर केला होता. साखळी नीट बसली नव्हती. बरोबर होतं त्याचं. बरोबर असायची सवयच होती मेल्याला.

पुढच्या खेपेला मालाची बोट आली. क्रेनवाला एक कंटेनर डेकवर उतरवत होता. वाऱ्याने एक ताडपत्री उडाली आणि कठड्यात अडकली. ती काढायला साडू स्वतःच कंटेनरांच्या रांगेमागे शिरला, लोंबत्या मालाकडे पाठ करून. इतरांना जिथे पाऊल ठेवू देत नसे, नेमकी तीच जागा. इशारे देणाऱ्याला तो दिसत नव्हता. वरच्या केबिनमधून फक्त क्रेनवाल्याला दिसत होता.

थांबवायचं होतंच. पण त्याआधी मनात आलं, कळू दे सगळ्यांना, शहाणा कुठे उभा आहे ते. जरा दचकू दे. एक श्वासभर त्याने लिव्हर तसाच दाबून धरला. मग सोडला, तशी क्रेन थांबली. कंटेनर हेलकावला आणि साडूच्या हेल्मेटला घासून कठड्यावर आदळला. साडू मटकन खाली बसला.

संध्याकाळी सगळ्यांची बैठक बसली. साडू आपणहून उभा राहिला. "चूक माझी. तुम्हाला जिथे जाऊ देत नाही, तिथे मीच गेलो. माझ्या या साडूने मला बघताक्षणी क्रेन थांबवली, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे."

टाळ्या थांबेनात. साहेबांनी यंदाचं बक्षीस क्रेनवाल्याला जाहीर केलं. तो बोलायला उठला, खरं काय ते ओठांवर आलं, आणि "आभारी आहे" म्हणून तो खाली बसला. समोर साडू चारचौघांत चूक कबूल करून निवांत चहा पीत होता. बक्षिसं परवडली, पण असं बोलून मोकळं व्हायला छाती लागते, ती याच्याकडे कुठून आली? क्रेनवाल्याचा इतका जळफळाट आजवर कधी झाला नव्हता.

सुट्टीला घरी पोचला तेव्हा बायको दारातच उभी होती. तिने त्याच्या हातातली बॅग घेतली आणि त्याच्याकडे बघतच राहिली.

"ताईचा फोन आला होता. रडत होती. म्हणाली, तुझा नवरा नसता तर आज माझं काय झालं असतं." तिने बॅग खाली ठेवली. "अहो, बघताक्षणी थांबवलीत म्हणे?"

"हो," तो म्हणाला, आणि तिला तोंड दिसू नये म्हणून बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकला.