चहा करण्याचे प्रशिक्षण

माझा भाऊ चोपन्न वर्षांचा आहे आणि कागदोपत्री मी त्याची पालक आहे. प्रत्यक्षात त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण. पण तो राहतो तिथल्या फॉर्मवर बहिणीसाठी चौकोन नव्हता. ‘पालक’ आणि ‘इतर’ असे दोनच चौकोन होते. ‘इतर’ होण्यापेक्षा पालक झालेलं बरं, असं वाटून मी तिथे खूण केली. पुढे मी जे केलं ते पाहता ‘इतर’ हेच जास्त प्रामाणिक ठरलं असतं.

भाऊ खडकवासल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बंगल्यात राहतो. त्याच्यासारखी एकूण नऊ माणसं तिथे आहेत. सगळी प्रौढ, सगळ्यांना रोजच्या जगण्यात कुणाची तरी सोबत लागते. भावाला वाचता येत नाही, घड्याळही कळत नाही. पण दुपारचे चार वाजले की त्याला कळतं, कारण चारचा चहा तो करायचा. बंगल्यात आल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं.

स्वयंपाकाच्या मावशी गॅस पेटवून देत. पुढचं सगळं त्याचं. पाणी मापायचं भांडं ठरलेलं होतं, आलं ठेचायचा खलबत्ता ठरलेला होता. कुणाला बिनसाखरेचा, कुणाला बशीत ओतून, कोण कपाचा कान तुटलेला असेल तर रुसतं, हे त्याला पाठ होतं. अकरा माणसांचा चहा तो न सांडता बाहेर आणायचा आणि मग दाराशी उभा राहून प्रत्येकाचा पहिला घोट बघायचा. एकदा त्याचं बोट भाजलं होतं. माझी बोटं आयुष्यात पुष्कळ वेळा भाजली, पण मला स्वयंपाकघरातून बाहेर काढण्याचं कुणाच्या मनात आलं नाही.

बंगल्याच्या मालकांनी भाडेकरार वाढवायला प्रमाणपत्र मागितलं, तेव्हा हे सगळं सुरू झालं. घर व्यवस्थित चालतं असं कुठल्यातरी मंडळाने लिहून दिलं तरच करार, नाहीतर जागा सोडा. हे घर ज्यांनी आपल्या मुलीसाठी सुरू केलं, त्या संचालिकाबाई घाबरल्या. नऊ माणसं घेऊन त्या जाणार कुठे? त्यांनी एका मंडळाकडे अर्ज केला. मंडळाने एक सल्लागार बाई पाठवल्या आणि सल्लागार बाईंनी मानकांचं एक जाडजूड पुस्तक आणलं. मुखपृष्ठावर एकमेकांत गुंफलेले दोन हात, कागद गुळगुळीत. तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यामुळे पुस्तकाच्या वजनाचा आणि मजकुराचा संबंध नसतो, हे मला ठाऊक होतं.

तरी खोटं कशाला बोलू, त्यात कामाच्या गोष्टी होत्या. न्हाणीघरात आधाराचे दांडे आले, औषधांच्या कपाटाला कुलूप लागलं. हे आधीच व्हायला हवं होतं. पालक प्रतिनिधी म्हणून मीही सोबत होते. मग आम्ही स्वयंपाकघराच्या कलमापाशी आलो. निवाशांनी स्वयंपाकघरात प्रवेश करू नये. उंबऱ्यावर लाल पट्टी चिकटवावी. आणि चार पानांनंतर दुसरं कलम: निवाशांना दैनंदिन जीवनकौशल्यांचं प्रशिक्षण द्यावं. उदाहरण म्हणून कंसात दिलं होतं, चहा करणे.

मी सल्लागार बाईंना विचारलं, “म्हणजे जो रोज चहा करतो त्याने चहा करायचा नाही, आणि त्याला चहा करायला शिकवायचं?”

“मॅडम, ती दोन वेगळी कलमं आहेत.”

“माणूस एकच आहे.”

“हो ना! म्हणजे दोन्हीकडे त्यांचं नाव येईल. तुमचा फायदाच आहे.”

मावशी कणीक मळता मळता ऐकत होत्या. “आन् खरा च्या कोन करनार? मीच ना? त्याच्यासारखा मला जमत न्हाई, आत्ताच सांगून ठेवते.”

“मावशी, आपण केस झाकायला टोपी घाला,” सल्लागार बाई म्हणाल्या. विषय संपला.

उंबऱ्यावर लाल पट्टी आली. तिच्यापाठोपाठ प्लॅस्टिकचा खेळण्यातला स्वयंपाकाचा संच आला. गुलाबी पातेलं, गुलाबी कप. भिंतीवर सहा चित्रांचा तक्ता लागला. पहिल्या चित्रात पाणी घेणे, सहाव्यात आनंदाने चहा पिणे. रोज चार वाजता माझा भाऊ त्या तक्त्यासमोर बसून रिकाम्या पातेल्यात रिकामा चमचा फिरवू लागला. तेवढ्यात लाल पट्टीच्या पलीकडे मावशी घाईघाईने खरा चहा उकळून थर्मासमध्ये भरत. शेवटी मावशीच भावाच्या हातात गुलाबी कप देऊन त्याला हसायला सांगत आणि फोटो काढत. सल्लागार बाईंचा नियमच होता, फोटो नाही म्हणजे उपक्रम झाला नाही. फाइलमध्ये ते फोटो तारखेनिशी लावलेले मी पाहिले. चोपन्न वर्षांचा, कानाशी केस पिकलेला माणूस, तोंडाला खेळण्यातला कप लावून हसतोय. असे एकामागून एक. मी फाइल मिटली आणि “छान ठेवलीय” म्हणाले. पुण्यात ‘छान’ शब्दाचे बरेच उपयोग आहेत, पण सल्लागार बाई बाहेरगावच्या असाव्यात. त्या खूश झाल्या.

तपासणीला तिघे जण आले. बुटांवर निळ्या पिशव्या चढवून ते बंगल्यात शिरले, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक पावलाला कुरकुर आवाज येत होता. मुख्य तपासनीस कुठल्यातरी मोठ्या पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ होते. निवृत्त झाल्याची बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोहोचली नव्हती. खोल्यांच्या दारांवर ‘कृपया दार वाजवून आत यावे’ अशा पाट्या लावल्या आहेत की नाहीत, हे त्यांनी बघितलं. आतल्या बाजूलाही सूचना आहे का, हे बघायला त्यांनी एक दार सरळ उघडलं. आत एक बाई केस विंचरत होत्या. त्यांनी पटकन भिंतीकडे तोंड केलं. “पाटी स्पष्ट आहे,” तपासनीस म्हणाले आणि दुसऱ्याने ते लिहून घेतलं. दार तसंच उघडं राहिलं. मी जाऊन लावलं.

मग ते तक्त्यासमोर आले. भाऊ इस्त्रीच्या शर्टात बसला होता. समोर गुलाबी पातेलं.

“काय करतोस, बाळ?” वयाने फार तर दहा-बारा वर्षं मोठ्या माणसाने त्याला विचारलं.

“चहा.”

“अरे वा! दाखव बघू.”

भावाने पातेल्यात वाकून बघितलं. “पाणी नाही.”

“आहे असं समजायचं.”

भावाला पुष्कळ गोष्टी येतात, पण नसलेलं आहे असं समजणं त्याला आजवर कुणी शिकवू शकलेलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. “ताई, पाणी नाही.”

तपासनीस मागे वळून म्हणाले, “लिहा, सूचनांचं आकलन मर्यादित. प्रशिक्षण चालू ठेवावे.”

नंतर पाहुण्यांसाठी खरा चहा आला, चांगल्या कपांत, काजूंबरोबर. ट्रे भावासमोरून गेला तेव्हा त्याने हुंगलं आणि म्हणाला, “आलं नाही.”

नव्हतंच. गडबडीत मावशी विसरल्या होत्या. तिघेही हसले. “हुशार आहे हो!” मुख्य तपासनीस म्हणाले. हे मात्र कुणी लिहून घेतलं नाही. चहा पिता पिता त्यांनी सन्मान या विषयावर आमचं बौद्धिक घेतलं. काजू संपेपर्यंत ते चाललं.

शेवटी पालक प्रतिनिधी म्हणून माझ्यापुढे एक कागद आला. निवाशांचा सन्मान व स्वायत्तता यांची येथे पूर्ण काळजी घेतली जाते, हे मी प्रमाणित करते. तो कागद मी दोनदा वाचला. संचालिकाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या. करार, नऊ माणसं, दुसरी जागा मिळणं किती कठीण, ही सगळी कारणं मला माहीत होती आणि सगळी खरी होती. मी माझ्याच पेनने सही केली. त्या गृहस्थांच्या कुरकुरणाऱ्या पिशव्यांची किळस मला दारापर्यंत पुरली. त्यानंतर जी उरली ती माझी होती.

प्रमाणपत्र मिळालं, करार वाढला. महिन्याभराने मी संचालिकाबाईंना म्हटलं, “आता त्याला चहा करू द्या.”

“अहो, कधीही न सांगता येणार आहेत ते. स्वयंपाकघरात कॅमेरासुद्धा लावायला लावलाय.” मग त्या म्हणाल्या, “माझी मुलगी माझ्याजवळ शेंगा सोलत बसायची. तीसुद्धा आता पट्टीबाहेर उभी असते.”

गेल्या महिन्यात मी भावाला चार दिवस घरी आणलं. येताना आलं आणि गवती चहा घेतला. चार वाजता म्हटलं, “चल, चहा कर.”

तो माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि थांबला. खाली बघत होता.

“इथे पट्टी नाही रे.”

त्याने दोन्ही बाजूंना नीट बघून घेतलं. मग आत आला. गॅस मी पेटवला. खलबत्ता त्याच्या हाताला नवा होता, पण आलं त्याने तसंच ठेचलं, हलक्या हाताने, चार ठोक्यांत. घरभर वास सुटला. दोन कपांत चहा ओतून तो टेबलाशी येऊन बसला. मी पहिला घोट घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याने कप ओठांपाशी धरला होता आणि तो हसत होता, त्या फाइलमधलं हसू.

“पी ना.”

“फोटो.”

“इथे फोटो लागत नाही. पी, गार होईल.”

“ताई, फोटो.”

मी फोन खिशातून काढला नाही. म्हटलं, बघू किती वेळ धरतो. चहावर साय धरली, हसू तसंच होतं. शेवटी मी फोन काढला आणि फोटो घेतला. मग तो चहा प्यायला.

“गार झाला,” म्हणाला.