धावण्याआधी पाहिलेलं नागपूर

मिरजेहून नागपूरची गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, एक अर्धी विजार, पांढरा सदरा, कॅनव्हासचे बूट आणि खोबरेल तेलाची बाटली एवढंच सामान होतं. मी मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. चार वर्षांपूर्वी मुलींना जिल्ह्याच्या शर्यतीसाठी तयार करताना त्यांच्याबरोबर कृष्णेकाठच्या रस्त्यानं पळू लागले. शर्यत झाली, मुली थांबल्या, मी मात्र थांबले नाही. नागपूरला मॅरेथॉन होणार अशी बातमी वाचली आणि सबंध बेचाळीस किलोमीटरसाठी अर्ज टाकून मोकळी झाले. घरी सांगितलं ते नंतर.

आमचे हे म्हणाले, “पळायलाच जायचंय, तर गाडीनं कशाला जातेस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी भुसावळ मागे पडलं आणि खिडकीबाहेरची माती काळी झाली. पिकत आलेल्या तुरीची शेतं, वेचणी झालेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडं), मधूनच गाठोडी डोक्यावर घेऊन बांधावरून चाललेल्या बायका. डोंगर असा नाहीच. आमच्याकडे नजर कुठेतरी जाऊन अडते, इथे ती धावतच राहते. वर्ध्याला चहा घेतला तेव्हा मला वाटलं, चला, मुलूख सपाट दिसतोय, निम्मं काम झालं.

हा गैरसमज दूर केला तुळशीरामभाऊंनी. गुरुवारी संध्याकाळी नागपूर स्टेशनाबाहेर सायकलरिक्षांची रांग होती. पन्नाशीचा, काटक, कानाला मफलर गुंडाळलेला एक माणूस पुढे आला.

“कुठं जाचं बाई?”

“धरमपेठेत.”

रिक्षा चालू लागली. गार वारा बोचत होता. मी विचारलं, “नागपूर सगळं सपाटच ना हो?”

त्यांनी पायडल मारता मारता मागे वळून पाहिलं. “कोण म्हणते? बसून पाहिलं का सपाटच दिसते. माह्या पायाले विचारा.” मग म्हणाले, “पण तुम्हाले काय करायचं चढ-उताराचं?”

मी धावायला आले आहे असं सांगितल्यावर ते पायडल मारायचेच थांबले. “बेचाळीस किलोमीटर? काहून?”

हे ‘का’ मला मिरजेतही सगळ्यांनी विचारलं होतं. “आवडतं म्हणून,” मी म्हणाले.

“हाव,” ते म्हणाले आणि पुन्हा पायडल मारू लागले. उत्तर त्यांना पटलेलं दिसलं.

उतरायची सोय कमलताईंकडे होती. आमच्या शाळेतल्या एका बाईंची ही थोरली बहीण. वय साठीच्या आसपास, ठेंगणी, गोरीपान, आवाज खणखणीत. यजमान काटोलला संत्र्याच्या बागेत तोडणीसाठी गेलेले, त्यामुळे घरात त्या एकट्याच. मला पाहून म्हणाल्या, “ये वं पोरी. एवढीशी तं आहे तू, इतकं धावशील कशी?” आणि लगेच पाट मांडला.

गोळाभात होता. भाताबरोबर शिजवलेले डाळीच्या पिठाचे गोळे, वरून हिंगाची खमंग फोडणी. “वरून सांबार टाकू का वं?” त्यांनी विचारलं. मी घाबरून ताटावर हात धरला. इतक्या सुंदर भातावर सांबार कशाला ओतायचं? त्यांनी मूठ उघडली, तर आत हिरवीगार कोथिंबीर! इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. हा किस्सा कमलताईंनी पुढच्या तीन दिवसांत मिळेल त्या माणसाला सांगितला.

शुक्रवारी सकाळी मी शर्यतीच्या कचेरीत नंबर घ्यायला गेले. ठरल्याप्रमाणे तुळशीरामभाऊच आले होते. कचेरी म्हणजे एक खोली, दोन टेबलं, आणि शिक्के मारत बसलेले एक चष्मेवाले गृहस्थ. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि मला दहा किलोमीटरचा नंबर दिला.

“मी बेचाळीसचा अर्ज केला होता.”

“ते आम्ही पाहिलं बाई. पण आम्हाले वाटलं, लिहिताना चूक झाली. लांबच्या शर्यतीत बायकांपैकी कोणीच नाही.”

“चूक नव्हती.”

गृहस्थ मनानं वाईट नव्हते. गोंधळले होते एवढंच. आतल्या खोलीत जाऊन कोणाशी तरी बोलून आले आणि म्हणाले, “दोन गोष्टी आणा. आज पाच वाजेपर्यंत डॉक्टरची चिठ्ठी. आणि वाटेत तुमच्यावर लक्ष ठेवणारा एक जबाबदार माणूस, त्याच्या सहीसकट. नाहीतर दहा किलोमीटर धावा, मजेत घरी जा.”

मी बाहेर पायरीवर येऊन बसले. या गावात मला ओळखणाऱ्या एकट्या कमलताई, आणि त्यांचे यजमान काटोलला. तीस तासांचा प्रवास करून दहा किलोमीटर! एवढं तर मी शाळा भरायच्या आधी पळून येते. डोळ्यांत पाणी आलं ते रागानं आलं.

“काय म्हणते साहेब?” तुळशीरामभाऊंनी विचारलं. मी सांगितलं.

“जबाबदार माणूस म्हंजे कसा पाहिजे?” त्यांनी दंडावरचा पितळी बिल्ला मफलरच्या टोकानं पुसला. “बावीस वरसं झाले हा बिल्ला आहे माह्याजवळ. एक सवारी पाडली नाही. चला आत.”

त्यांनी टेबलासमोर उभं राहून हेच पुन्हा सांगितलं. गृहस्थांनी चष्मा वर करून बिल्ला पाहिला, भाऊंना पाहिलं, मला पाहिलं. मग हसले. “याच्याहून जबाबदार माणूस मी तरी कुठून आणू?” असं म्हणत त्यांनी बिल्ल्याचा नंबर कागदावर उतरवला. भाऊंनी खाली सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली.

डॉक्टर रामदासपेठेत. केस पिकलेल्या, बारीक किनारीचं पातळ नेसलेल्या एक बाई. त्यांनी माझी नाडी धरली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा धरली. “फार सावकाश चाललीय. चक्कर येते का? पूर्वी काही आजार?”

“रोज पळते म्हणून असेल.”

त्यांचा विश्वास बसेना. शेवटी म्हणाल्या, “आमचा हा जिना आहे ना, त्यावर वीस वेळा वरखाली करा. मग पाहू.”

मी निऱ्या वर खोचल्या आणि निघाले. बाहेर बाकांवर बसलेले पेशंट आधी बघत राहिले. पाचव्या फेरीला हाताला प्लॅस्टर घातलेले एक आजोबा मोठ्यानं मोजू लागले. दहाव्या फेरीपर्यंत सगळे मोजत होते. पंधराव्या फेरीला कोणीतरी ओरडलं, “शाबास वं बाई!” विसावी फेरी संपवून मी आत गेले तेव्हा बाहेर टाळ्या वाजत होत्या. डॉक्टरबाईंनी नाडी धरली, घड्याळ पाहिलं, दोन मिनिटांनी पुन्हा पाहिलं.

“मला वाटलं होतं तुमचं हृदय आळशी आहे,” त्या म्हणाल्या. “ते काटकसरी आहे.” आणि चिठ्ठी लिहून दिली. दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “तहान लागायच्या आधी पाणी प्या. लागल्यावर उशीर झालेला असतो.”

साडेचारला माझ्या हातात बेचाळीस किलोमीटरचा कापडी नंबर होता.

शनिवारी सकाळी मार्ग पाहायला निघालो. एकवीस किलोमीटरचा फेरा, तोच दोनदा धावायचा. सदरचे जुने बंगले, मग सेमिनरी हिलची झाडी, खाली फुटाळ्याचं शांत पाणी, पुढे अंबाझरीचा तलाव, मग गावातून वर्धा रस्त्याला लागून परत. टेकडीच्या चढावर मी रिक्षातून उतरून चालू लागले. भाऊंना ते आवडलं नाही.

त्यांचं शिकवणं मात्र अखंड चालू होतं. इथे डावीकडून धावा, सावली भेटते. इथे खडी आहे, पाहून पाय टाका. वर्धा रस्त्यावर एका ठिकाणी ते थांबले. समोर रस्ता सरळ, गुळगुळीत.

“हा कसा दिसते?”

“सपाट.”

“डोळ्याले सपाट, पायाले चढ. दीड किलोमीटर असाच आहे. नवा रिक्षावाला इथं फसते. त्याले वाटते आपल्याच अंगात दम नाही. तुम्ही दुसऱ्या फेऱ्यात इथं आल्या का लक्षात ठेवजा, दोष तुमचा नाही, रस्त्याचा आहे.”

मी अनेक वर्षं मुलींना पळायला शिकवते. इतकं मोलाचं मी त्यांना काही शिकवलेलं नाही.

दुपारी कमलताईंच्या माजघरात उद्याची तयारी सुरू झाली. सदऱ्यावर नंबर शिवला. बुटांच्या नाड्या धुऊन वाळवल्या. किटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी भरायचं ठरलं. साडी वरून नेसून जायचं आणि शर्यत सुटायच्या आधी सोडून ठेवायची, पण ठेवायची कुठे, आणि बाईमाणसानं सकाळी तिथे आडोशाला जायचं कुठे, हा खरा प्रश्न होता. कमलताईंनी तो चुटकीसरशी सोडवला. शर्यत जिथून सुटणार त्या मैदानाजवळच्या गल्लीत त्यांची एक मैत्रीण राहत होती. तिच्याकडे सकाळी जाऊन येऊ, म्हणाल्या.

“येऊ म्हणजे? तुम्हीपण?”

“मंग? किटली कोण धरीन? तुळशीराम रिक्षा चालवीन का पाणी वाटीन?” त्या संत्री सोलत होत्या. एकेक फोड उघडून बिया काढत होत्या. “पस्तीस वरसं झाले या गावात. बाजार, देऊळ आणि दवाखाना, एवढंच पाहिलं मी. मलेही पाहू दे नं वं नागपूर.”

रविवारी उजाडताना मैदानावर धुकं होतं. धावणाऱ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. माझ्या अर्ध्या विजारीकडे काही जणांनी वळून पाहिलं. मग बंदुकीचा बार झाला आणि पाहायला कोणाला वेळ उरला नाही.

पहिला फेरा मी अक्षरशः गात पार केला. मनातल्या मनात, पण गात. ठरलेल्या प्रत्येक ठिकाणी रिक्षा उभी असायची. रिक्षात शाल पांघरून, मांडीवर टोपली घेऊन कमलताई राणीसारख्या बसलेल्या. भाऊ आतल्या बोळांनी मला गाठत, पुढे जात. फुटाळ्यावर ऊन पाण्यात उतरलं होतं. कमलताई मला संत्र्याची फोड द्यायचं विसरून तलावच पाहत बसल्या होत्या. भाऊंनी ओरडून आठवण केली.

दुसऱ्या फेऱ्यात पाय जड झाले. वर्धा रस्त्याला लागले तेव्हा घसा कोरडा पडला होता. पण वळणावर रिक्षा नव्हती. पुढच्या चौकातही नव्हती. समोर तो सरळ, गुळगुळीत रस्ता. पाय मातीचे झाले. दोष रस्त्याचा आहे, असं स्वतःला सांगितलं, तरी पाय ऐकेनात. मी चालू लागले. चालता चालता थांबले. एका चहाच्या टपरीसमोरचे लोक माझ्याकडे पाहू लागले. इथे बसले तर उठणार नाही हे मला कळत होतं, आणि बसायची फार इच्छा होत होती.

तेवढ्यात मागून घंटी ऐकू आली. वळून पाहिलं. तुळशीरामभाऊ हँडल धरून रिक्षा हातानं ओढत पळत येत होते. चेन तुटली होती. आणि रिक्षाच्या मागे, शाल कमरेला बांधून, पदर खोचून, दोन्ही हातांनी रिक्षा ढकलत कमलताई पळत होत्या. चेहरा लालबुंद.

“थांबू नको वं!” त्या तिथूनच ओरडल्या. “मी धावून राहिली, अन् तू उभी?”

टपरीसमोरच्या लोकांना आधी काही कळेना. मग सगळे हसू लागले, मग टाळ्या वाजवू लागले. दोघंजण धावत जाऊन रिक्षा ओढू लागले. मी किटलीला तोंड लावून पाणी प्याले, दोन फोडी तोंडात कोंबल्या आणि हसत हसत निघाले. हसताना पळता येत नाही असं मी मुलींना सांगत असे. येतं.

मैदानावर पोचले तेव्हा मंडप उतरवायला सुरुवात झाली होती. माझ्या मागे फक्त दोनच धावपटू उरले होते. चष्मेवाल्या गृहस्थांनी वही उघडून माझी वेळ लिहिली आणि उभं राहून हात जोडले. थोड्या वेळानं रिक्षाही आली, टपरीवरल्या चार-पाच माणसांच्या घोळक्यासकट. कमलताई खाली उतरल्या आणि मला पोटाशी धरलं.

भाऊ बाजूला उभे राहून घाम पुसत होते. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, पण गुडघे वाकेनात. ते मागे सरकले. “राहू द्या बाई.” मग रिक्षाच्या सीटवर हात ठेवून म्हणाले, “बावीस वरसात पहिल्यांदा माह्या रिक्षाले कोणी टाळ्या वाजवल्या.”

परतीच्या गाडीत मला वरचा बर्थ मिळाला होता. तो एका लष्करी जवानानं काही न विचारता बदलून दिला. काळी माती मागे जात होती. मी चार वर्षं एकटी पळत आले, आणि एकटं असणं हेच पळण्यातलं सुख आहे असं समजत होते. ते सुख आहेच. पण त्या रविवारी एका रिक्षावाल्यानं आणि साठीच्या बाईनं माझ्यासाठी रस्त्यावर धाव घेतली, आणि तेव्हापासून माझ्या हिशेबी ते बेचाळीस किलोमीटर एकटीचे राहिलेले नाहीत. कमलताईंचं पत्र येईल तेव्हा येईल. निघताना त्या म्हणाल्या होत्या की आता रोज पहाटे अंबाझरीपर्यंत चालत जाणार, शेजारणींनाही नेणार.

मिरज स्टेशनवर हे उभे होते. मला डब्याच्या पायऱ्या सरळ उतरता येईनात, म्हणून पाठमोरी, दांडा धरून, एकेक पाय टेकत उतरले. त्यांनी पिशवी घेतली. कितवी आलीस, असं काही विचारलं नाही. माझ्या चालण्याकडे पाहत म्हणाले, “उद्या पळायला किती वाजता उठवू?”

“उद्या नको,” मी म्हणाले. “परवा.”