हालु, हाळु आणि माझे हाल

नव्वदच्या दशकात धारवाडला, मळमड्डीतल्या आमच्या घरात माझ्या दुधावर जेवढी चर्चा झाली, तेवढी विधानसभेत दुष्काळावरही झाली नसेल. माझं मत कुणी विचारलं नाही. दूध माझं होतं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध.

झालं असं की, माहेरी बाळंतपण उरकून मी मुलाला घेऊन सासरी आले आणि पाठोपाठ छातीत गाठ धरून सडकून ताप भरला. लेडी डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "अंगावर पाजणं थांबवू नका. दूध तुंबलं तर गाठ वाढेल." घरी सासूबाईंनी गोळ्यांची पट्टी उजेडात धरून पाहिली. गंभीर विषय निघाला की त्या कानडीत शिरत. "हालु हाळागतद," म्हणाल्या. कानडीत हालु म्हणजे दूध आणि हाळु म्हणजे नासाडी. एका ळ मध्ये त्यांनी माझा निकाल लावला.

सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, हे अशास्त्रीय वाटलं. ते कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले. तोच निकाल शास्त्रीय पद्धतीने लावायला ते लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडून बसले. औषध रक्तात किती उतरणार, तिथल्या प्रथिनांना किती चिकटून राहणार, उरलेलं दुधात किती झिरपणार, त्यातलं बाळाच्या अंगी किती लागणार.

"चरबीत विरघळणारं असलं तर दुधात जास्त उतरतंय बघ," ते म्हणाले.

"ही गोळी तशी आहे का?"

"ते बघायला पायजे की," म्हणून अप्पांनी दुसरी पत्रिका उलटी केली. या माणसाने जन्मात कधी उतू न घालवता दूध तापवलं नव्हतं.

तेवढ्यात बाळ भर दिवसा गाढ झोपू लागलं. पाजायला उठवावं तर डोळे उघडेना. "उतरलंच की औषध! लेकरू कसं झोपायलंय बघ," सासूबाई म्हणाल्या. अप्पांचं गणितही लगेच सुटलं. उत्तर आधी कळलं की सुटतंच. नवरा वकील. त्याने दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि पावडरच्या दुधाचा डबा आणला.

मीही घाबरले होते. डबा उघडला आणि अंगावर पाजणं थांबलं. माझी छाती दगड झाली, पदर लागला तरी कळ यायची. बाटली ओढणाऱ्या मुलाकडे बघून मला रडू फुटायचं. हालु की हाळु हे ठरेपर्यंत हाल माझेच चालले होते.

आणि बाटलीवरही बाळ तसंच झोपत होतं. "आधीच्या औषधाचा अंमल," अप्पा म्हणाले. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. रिक्षा बोलावली आणि बाळासकट सासू-सासऱ्यांना डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी अप्पांची पत्रिका बाजूला सारली. "बाळाला दुधाशिवाय आणखी काय देता?"

"गुटी की," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "गोळ्या सुरू झाल्यापासनं जायफळाचे वेढे जास्त उगाळायलेय. औषधाची बाधा निघावी म्हणून."



"गोळी दुधात अगदी थोडी उतरते, बाळाला चालते, म्हणूनच दिली," डॉक्टर म्हणाल्या. "जायफळ तुम्ही थेट पोटात घालताय. त्यानं बाळ झोपतंय. आजपासून बंद." मग सासूबाईंना पटावं म्हणून कानडीत, "हालु छलो अद री."

दूध चांगलं आहे. एवढं ऐकायला मी आसुसले होते.

"जायफळाचं तेल चरबीत विरघळतंय," अप्पा पुटपुटले. "ते मी धरलंच नव्हतं."

मी पडद्याआड जाऊन बाळाला छातीशी घेतलं. त्याने हुंगलं, इकडेतिकडे शोधलं आणि तोंड फिरवून रडायला लागलं. त्याला बाटली हवी होती.

पडद्यापलीकडून सासूबाईंनी विचारलं, "पितंय का ग?"

घरात इतकी भाकितं झाली होती, पण हे कुणीच केलं नव्हतं.