समोरचं मेडिकल

समोरच्या बाईचं शटर वर जातं तेव्हा मी ब्रश तोंडात धरून खिडकीत उभी असते. आमचं घर दुकानाच्या वरच आहे, बदलापूरला बेलवलीत, त्यामुळे रस्त्यापलीकडचं सगळं मला आयतं दिसतं. ती आधी पायरी पुसते, मग दिवा लावते, मग पांढरा अ‍ॅप्रन घालते आणि कपाटाचा एक खण रिकामा करून त्यातली औषधं काउंटरवर मांडते. प्रत्येक स्ट्रिपची तारीख बघते, खण पुसते, सगळं परत लावते. रोज एक खण, रविवारीसुद्धा. मी चूळ भरेपर्यंत तिचं हे आटोपलेलं असतं आणि माझ्या दिवसाची सुरुवात पोटात दुखून होते.

हे दुखणं हेव्याचं आहे. लपवून काय करायचं? आमच्या मेडिकलमध्ये सगळ्या दुखण्यांवर काही ना काही आहे, यावर नाही.

आम्ही दुकान टाकलं तेव्हा समोर भाताचं शेत होतं. पुढे तिथे बिल्डिंग झाली, खाली गाळे निघाले आणि एका गाळ्यात ही आली. मूळची अंबरनाथची, वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, स्वतः बरीच वर्षं एका हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी केलेली. उद्घाटनाच्या दिवशी पेढे घेऊन माझ्या काउंटरशी आली. म्हणाली, "ताई, तुम्ही सीनियर. सांभाळून घ्या." मी पेढा खाल्ला आणि मनात म्हटलं, दिवाळीपर्यंत टिकलीस तरी खूप झालं.

ती टिकली. नुसती टिकली नाही, वाढली. मधल्या काळात नाक्यावर चकचकीत साखळी दुकानं आली, फोनवरून सवलतीत औषधं मागवायची सोय झाली, आणि माझं गिऱ्हाईक कमी झालं की मी त्यांच्या नावानं बोटं मोडायची. पण त्याच रस्त्यावर, माझ्याएवढ्याच गाळ्यात, तिच्याकडे मात्र लोक उभे दिसायचे. साखळी दुकानाचा राग काढता येतो. हिचा कसा काढणार? ती रोज सकाळी मला हात करायची.

मला दुकान चालतं ठेवायचं होतं ते मुलीसाठी. एकुलती एक. तिला डी.फार्म.ला घातलं ते याच विचारानं. तिनं आधी माझ्या शेजारी उभं राहावं आणि मग माझ्या खुर्चीत बसावं, एवढंच मला हवं होतं. पण मुलगीही डोळे उघडे ठेवून होती. कॉलेजमधून येताना आधी समोर बघायची, मग आपल्या दुकानाकडे, आणि जिना चढून वर जायची. ते आधी समोर बघणं मला फार लागायचं.

माझी पद्धत सासऱ्यांनी शिकवलेली. चिठ्ठी हातात आली की न बघता हात बरोबर खणात जातो. डॉक्टरनं कोंबडीच्या पायानं लिहिलं असलं तरी मी वाचते. गिऱ्हाईक खोळंबता कामा नये. हिचं सगळं उलटं. ती गिऱ्हाइकाला मुद्दाम थांबवते. औषध देते आणि म्हणते, "आता तुम्ही मला सांगा, कुठली गोळी कधी घ्यायची?" बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून उतरलेल्या बायकांना पाकिटावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढून देते, आणि मग त्यांनाही तेच विचारते. मला वाटलं होतं, लोक वैतागतील. औषध घ्यायला आलोय की तोंडी परीक्षेला, असं म्हणतील. लोक रांगेत उभे राहून उत्तर घोकायला लागले.

स्ट्रिप कापतानाही तेच. तारीख छापलेल्या टोकाला ती कात्री लावत नाही, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख शाबूत राहते. हे आमच्या धंद्यात कोणाला ठाऊक नाही? पण दुकानात गर्दी असताना कोण बघतं? ती बघते.

उल्हासनगरच्या ज्या शेठकडून आम्ही दोघी माल घेतो तोही एकदा फोनवर सुरू झाला. "दीदी, सामनेवाली मॅडम का ऑर्डर रोज सुबह चाय से पहले आ जाता है. आपका कभी दोपहर को, कभी आता ही नहीं. तुमी पण एक टाइम पकडा ना."

"शेठ, माल पाठवा. ज्ञान नको," मी म्हटलं. फोन ठेवला आणि दिवसभर माझा तीळपापड होत राहिला.

तिचंच करायचं तर मलाही येतं, असं म्हणून मी एका सोमवारी गजर लावून उठले. तिच्याआधी शटर वर केलं. तिनं रस्त्यापलीकडून कौतुकानं हात केला, तो न पाहिल्यासारखं मी केलं. वरचा खण उतरवला. त्यात मुदत संपलेली खोकल्याची औषधं इतकी निघाली की मंगळवारी दुसरा खण उघडायचं धैर्य झालं नाही.

मग फोनचं बघू म्हटलं. दुपारी मी वर जाऊन आडवी होते तेव्हा ती दुकानात बसून रोजच्या गोळ्यांच्या लोकांना फोन करते. कोणाच्या बीपीच्या संपत आल्या, कोणाच्या शुगरच्या, आणून ठेवू का विचारते. मी माझ्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकापासून सुरुवात केली. ऑर्डनन्समधून निवृत्त झालेले एक काका, आमच्या दुकानाच्या पहिल्या वर्षापासूनचे. फोन लावला आणि आवाजात मध घालून म्हटलं, "हॅलो, काका, तुमच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील ना?"

पलीकडून काका कडाडले, "कोण बोलतंय? ओटीपी देणार नाही, सांगून ठेवतो!" आणि फोन बंद. परत लावला तर त्यांनी माझा नंबर ब्लॉक करून टाकला होता.

संध्याकाळी काका आले. रस्ता ओलांडून सरळ तिच्याकडे गेले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, चोरांना माझ्या गोळ्यांची नावं कळली आहेत." तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवून हसत म्हणाली, "काका, समोरच्या ताईंनी केला असेल. त्यांनाच विचारा की." काकांनी वळून मला नमस्कार केला. त्यांच्या दुसऱ्या हातात तिच्या दुकानाची पिशवी होती. फोन तिनं केला असता तर पहिल्या हॅलोला ओळखला असता त्यांनी. त्या दिवसापासून मी दुपारी पुन्हा आडवी व्हायला लागले.

मुलीची परीक्षा संपली. आमच्या शिक्षणात परीक्षेनंतर काही महिने मेडिकलमध्ये प्रत्यक्ष काम करावं लागतं, मग दुकानाच्या शिक्क्यासह प्रमाणपत्र मिळतं. निम्मी पोरं ओळखीच्या दुकानाचा शिक्का मारून घेतात आणि घरी झोपतात. इथे तर घरचंच दुकान. मी शिक्का, पॅड, सगळं काउंटरवर काढून ठेवलं. म्हटलं, तुला यायचं तेव्हा ये, नाही आलीस तरी चालेल.

"आई, मी समोर करतेय," ती म्हणाली.

"समोर म्हणजे?"

"समोरच्या मॅडमकडे. मी विचारलंय त्यांना. त्या म्हणाल्या, आधी आईला विचार."

"म्हणजे मला सगळ्यात शेवटी विचारतेयस."

"तू नाहीच म्हणणार होतीस ना यार. आई, सीरियसली, मला शिक्का नकोय, काम शिकायचंय. शिकून परत येते."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्या रात्री मी जेवले नाही. वीस वर्षं मी काउंटरवर उभी राहिले तेव्हा काय भातुकली खेळत होते? पण नाही म्हणून तिला अडवण्यात अर्थ नव्हता. अडवलं असतं तर ती इथे आली नसती आणि तिकडेही गेली नसती, बदलापूर सोडून मुंबईतल्या एखाद्या कंपनीत गेली असती.

माझी मुलगी. कॉलेजला जाताना तीन हाका मारल्याशिवाय न उठणारी. ती सकाळी माझ्याआधी अंघोळ करून खाली उतरायला लागली. मी खिडकीत, ब्रश तोंडात, आणि पलीकडे दोघी मिळून एक खण उतरवताहेत. दुपारी फोन करायला पोरगीच बसायची. हसत बोलायची, ऐकून घ्यायची. घरी माझ्याशी ती इतकं कधी बोलली नव्हती. एकदा त्या बाईनं डब्यातली भाकरी मोडून तिला दिली, आणि हिनं ती उभ्यानंच खाल्ली. माझ्या हातची भाकरी तिला जाड लागते. त्या दिवशी मी चिठ्ठी चुकीची वाचता वाचता राहिले. दुकान पळवलं असतं तिनं तर एवढं वाटलं नसतं. दुकानासारखी दुकानं पुष्कळ असतात.

महिने संपले. बाई स्वतः प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, पोरगी सोन्यासारखी आहे हो. मला सोडवत नाहीये." मी "हो का" म्हटलं. आत वाटलं, आता ही तिला पगारावर ठेवून घेणार. रात्रभर तेच. पण पोरगी शब्दाला जागली. फार्मसिस्टची नोंदणी हातात पडली त्या आठवड्यात ती आमच्या दुकानात आली, माझ्या शेजारी उभी राहिली. मी जिंकले होते. गल्लीत सगळ्यांना दिसावं म्हणून मी खुर्ची जरा पुढे ओढून बसले.

तिनं पहिल्या दिवशी वरचा खण उतरवला. दुसऱ्या दिवशी त्याखालचा. काकांना फोन करून त्यांचा ब्लॉक उठवून घेतला, तोही हसवून. काका परत यायला लागले. आणखीही काही लोक आले. मला आनंद व्हायला हवा होता आणि थोडा झालाही. पण ती कात्री धरायची तेव्हा मला त्या बाईचा हात दिसायचा, आणि गिऱ्हाईक तिच्याशी बोलताना हसलं की ते हसूही समोरूनच आणलेलं वाटायचं.

परवा पाड्यावरची एक म्हातारी आली. समोर कुलूप होतं, बाई अंबरनाथला लग्नाला गेली होती. माझ्या दुकानात म्हातारी पहिल्यांदाच चढत होती. मुलीला बघून तिचा चेहरा खुलला. मुलीनं औषध काढलं, पाकिटावर सूर्य काढला, चंद्र काढला आणि म्हणाली, "आता तुम्ही मला सांगा आजी, कुठली कधी?" म्हातारीनं धडाधड उत्तर दिलं. मग पिशवीला गाठ मारता मारता आधी समोरच्या कुलपाकडे आणि मग माझ्याकडे बघत तिनं मुलीला विचारलं, "काय गो बाय, आयशीचं दुकान सोरून इकरं कामाला लागलीस?"

मुलगी हसली आणि काहीतरी बोलणार होती. तिच्याआधी मीच बोलले. माझ्या तोंडून काय निघतंय ते मला निघाल्यावर कळलं.

"शिकायला आलीय माझ्याकडे," मी म्हटलं.

"बरा केलास गो," म्हातारी म्हणाली आणि पायऱ्या उतरून रिक्षाकडे गेली.

मुलीनं पेनाला टोपण लावलं. ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, 'माझी मुलगी आहे' एवढंच सांगायचं होतंस."