डाव्या टाचेमागची वीट

माझी निम्मी नोकरी पोरींच्या बॅटिंगमधल्या चुका काढण्यात गेली. लोह्याच्या एका शाळेत मी खेळाचा शिक्षक. सॉफ्टबॉल मी एका शिबिरात शिकलो, बाकीचा मोबाइलवर व्हिडिओ बघून जमवला. अर्धवट शिकलेल्या माणसाला खात्री जरा जास्तच असते, तशी मलाही होती. पोरगी बॅट घेऊन उभी राहिली की मला आधी तिचा दोष दिसायचा. कुणाचा मागचा खांदा पडतोय, कुणी धुणं बडवल्यासारखी बॅट वरून खाली आणतेय, कुणाची कंबर वळायच्या आत हात पुढं निघून जातायत. एखादीचा दोष गेला की त्या दिवशी मला दोन घास जास्त जायचे.

दहावीतल्या एका मुलीचा दोष मात्र चिवट होता. उजव्या हाताची खेळाडू. तिनं डावा खांदा बॉल टाकणारीकडं करून, आडवं उभं राहायला हवं. ही डावा पाय मागं ओढून, छाती सरळ समोर करून उभी राहायची. तशी उभी राहून ती बॉल असा मारायची की तो कंपाउंडबाहेरच्या तुरीत जायचा आणि शोधता शोधता पोरींचा अर्धा तास मोडायचा. पण मला समाधान नव्हतं. बॉल अंगावर येईल म्हणून भिणाऱ्या पोरी असा पाय काढतात, हे मी व्हिडिओत बघितलं होतं.

तिच्या वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "सर, राज्याच्या संघात घेतलं तर हॉस्टेलला ठेवतो, पुढं शिकवतो. न्हाई घेतलं तर दहावी बास." निवड लातूरच्या विभागीय स्पर्धेतून व्हायची होती. निवड करणारे आधी उभं राहणं बघतात, असं माझं ठाम मत. म्हणून मी तिच्या मागं लागलो.

तिच्या डाव्या टाचेमागं मी वीट ठेवली. पाय मागं गेला की टाच विटेला लागायची. मान वाकडी झाली की मी हनुवटी धरून खांद्यावर टेकवायचो. एकदा ती हळूच म्हणाली, "सर, पहिल्यासारखं हुबं राहिलं की बॉल दिसतो."

"सगळ्यांनाच दिसतो," मी म्हणालो. "तुझंच काय वेगळं?"

तिनं पाय पुन्हा विटेपुढं घेतला. तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही.

पाइपावर रबरी नळी बसवून आम्ही स्टँड केला होता. त्यावर ठेवलेला बॉल ती नव्या पद्धतीनं सुरेख मारायची. समोरून टाकलेला मात्र चुकायचा. मी म्हणायचो, सवय लागेल. महिनाभरानं वीट काढली तरी पाय जागचा हलेना, तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला.

लातूरला ती तीनदा बॅटिंगला आली. तिन्ही वेळा चित्रात काढल्यासारखी उभी राहिली आणि तिन्ही वेळा बॉल निघून गेल्यावर बॅट फिरली. आम्ही हरलो. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "डोळे फुटले का तुझे?"

ती रडली नाही. म्हणाली, "तुम्ही सांगितलं तसंच हुबं राहिले, सर."

एसटीत ती खिडकीशी बसून होती. लोह्याच्या स्टँडवर वडील थांबले होते. त्यांनी तिला काही विचारलं नाही, माझ्याकडं बघितलं. मी नाही अशी मान हलवली. त्यांनी तिची पिशवी घेतली आणि दोघं निघून गेले. दहावी झाली आणि शाळा सुटली. अठरा पूर्ण झाल्या झाल्या तिचं लग्न झालं, भोकरकडं. पत्रिका आली होती. मी गेलो नाही, कामं होती असं सांगितलं.

या जूनमध्ये तिची आई शाळेत आली. धाकटीला आठवीत घातलं होतं. पोरगी आईच्या मागं उभी होती.

"हिला खेळायला घ्या, सर," आई म्हणाली. "हिचे दोन्ही डोळे चांगले हायत."

"म्हणजे?"

"थोरलीला डाव्या डोळ्यानं लई अंधुक दिसायचं. लहानपणी डोळ्यात तुराटीची काडी गेली होती. कुणाजवळ बोलू नको, असं मीच बजावलं होतं. पोरीची जात, उद्या स्थळ कसं येणार? तुम्ही तर रोज बघून राहिले होते तिला. मला वाटलं, तुम्हाला कळलं असंल."

मला कळलं नव्हतं. मी तिची टाच बघितली, कंबर बघितली, मनगटं बघितली. महिनाभर रोज तिची हनुवटी माझ्या हातात होती. कसला शिक्षक मी, असं तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

शाळा सुटल्यावर मी मैदानात थांबलो. पोरी सामान आवरत होत्या. त्यातल्या एकीला बॉल टाकायला लावलं आणि मी बॅट घेऊन थोरली उभी राहायची त्या जागी उभा राहिलो. डावा डोळा मिटला. हनुवटी खांद्यावर, पाय जागच्या जागी, मी शिकवलं होतं तसं. बॉल पोरीच्या हातातून सुटलेला दिसला नाही. नाकाच्या आड कुठंतरी होता तो. दिसला तेव्हा निघून गेला होता.

"अजून एक टाक," मी म्हणालो.

या वेळी मी काही ठरवलं नव्हतं. बॉल शोधता शोधता माझा डावा पाय आपोआप मागं गेला.