केबल सुटीच होती

असले अनुभव वाचून मी आजवर हसत आलोय, हे आधीच सांगतो. आम्ही निपाणीचे. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, घरी बुद्धवंदना. नवस, उतारा, अंगारा यातलं काहीच आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. "इचारल्याबिगर कुणाचं मानू नगंस," एवढंच आई सांगायची. त्यात मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. तरीही...

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. संकेश्वरपासून आत एका माळावर छोटी वेधशाळा होती, तिथं मी टेक्निशियन. दुर्बिणीला जोडलेलं एक इन्फ्रारेड यंत्र माझ्या ताब्यात होतं — ताऱ्यांची उष्णता मोजणारं. त्याचा डिटेक्टर द्रव नायट्रोजननं थंड केल्याशिवाय ते कामच करत नसे. नायट्रोजन बेळगावहून यायचा. गुरांच्या कृत्रिम रेतन केंद्रांना लागतो म्हणून तिथं मिळे. यंत्र वर घुमटात आणि त्याची नोंद खालच्या खोलीत, रेकॉर्डरच्या सरकत्या कागदावर शाईच्या पेनानं व्हायची. भिंगासमोर माणूस उभा राहिला तरी पेन वर चढे, तो हलेपर्यंत तिथंच थांबे, मग खाली येई.

पावसाळ्यात आकाश बंद, म्हणून दुरुस्तीची कामं तेव्हाच. त्या दुपारी मी खालच्या खोलीत एकटा होतो. रेकॉर्डरचं पेन साफ केलं, वरून येणारी केबल काढून टेबलावर ठेवली आणि कागद सरळ सरकतोय का ते बघायला मशीन चालू केलं. ओल यंत्रांना वाईट, म्हणून दार-खिडक्या घट्ट लावलेल्या. कोपऱ्यात नायट्रोजनचा कॅन. त्याच्या अंगावर बर्फ जमलेला मला दिसला होता... म्हणजे कॅन खराब झालाय, आतला नायट्रोजन भराभर उडतोय. दिसलं, पण म्हटलं, हातातलं संपवून बघू.

मला छान वाटायला लागलं. खरंच — हलकं, निवांत. तेवढ्यात पेन खरखरलं. वर चढलं, थांबलं, उतरलं. 'आप्पा वर गेलेत वाटतं,' मनात आलं. आप्पा म्हणजे आमचे जुने फिटर. पुन्हा तसंच झालं. माझे डोळे मिटत होते. तिसऱ्यांदा पेन चढलं ते उतरेचना. आप्पा भिंगाला हात लावतील म्हणून राग आला मला, आणि त्या रागातच उठून दार उघडलं. घुमटाचा जिना बाहेरून होता. पहिल्या पायरीपाशीच चिखलात कोसळलो.

आप्पा पंपाच्या शेडमधून पळत आले.

"काय झालं रं? तोंड निळं पडलंय तुजं!"

"तुम्ही वर कशाला गेलता?"

"मी? मी पंपावर हुतो की. घुमटाची किल्ली ही बघ, माझ्या कमरंला."

जरा सावरल्यावर दोघं वर गेलो. कुलूप तसंच. आत कोणी नाही, भिंगावर टोपणसुद्धा तसंच. मग खालच्या खोलीत वारा खेळू दिला आणि तेव्हा मला कळलं — नायट्रोजननं तिथली हवा हटवली होती. त्याला वास नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही. माणूस झोपतो तो झोपतोच. आणखी थोडा वेळ बसलो असतो तर...

मग टेबलाकडं लक्ष गेलं. केबल सुटीच होती. मी काढून ठेवलेली, तशीच; गुंगीत तेही विसरलो होतो.

प्राणवायू कमी पडला की भास होतात, हे मला ठाऊक आहे. पण भास मला होतील, कागदाला कसे होतील? तीन चढ शाईत उमटले होते, तिसरा लांबलचक, आणि पुढं खाली उतरून रेघ सपाट. आप्पांनीही पाहिलं. सुट्या तारेनं पेन थरथरतं, केसांसारख्या रेघा काढतं. असं चढून शांत उभं राहत नाही. आणि डिटेक्टर तर अजून थंडही केला नव्हता. पुढं कित्येक पावसाळे मी मुद्दाम केबल काढून, कॅन शेजारी ठेवून — दार सताड उघडं टाकून — मशीन चालवून पाहिलं. एकदाही तसं झालं नाही.

"कोण असंल ओ, आप्पा?" मी त्या दिवशी विचारलं.

ते म्हणाले, "कोण बी असू दे. तू भाईर आलास न्हवं?"

रिपोर्ट लिहावा लागला. कॅनचं, बंद दाराचं, माझ्या चुकीचं सगळं लिहिलं. कागदाचा तो तुकडा सोबत टाचला. पेन हलण्याच्या कारणापाशी मात्र अडलो. वेधशाळेचे साहेब म्हणाले, "लूज कनेक्शन लिहून टाक." पण कनेक्शनच नव्हतं, तर लूज कसं लिहू? ती ओळ कोरी सोडली. आता रिटायर होऊनही वर्षं झाली... त्या ओळीत काय लिहायचं, ते मला अजून ठाऊक नाही.